सीनाकाठचं श्रमदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीनेच्या काठी, सोलापूर शहरापासून गाडीवर अर्ध्या तासात पोहोचता येईल असा गायरानाचा एक पट्टा आम्ही काहीजण सांभाळतो. फाटक नाही, फलक नाही. लोकच त्याला ‘नदीबाग’ म्हणायला लागले, मग आम्हीही म्हणतो. दर रविवारी सकाळी तिथं श्रमदान असतं. फोनवर तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला म्हणून हे पान केलं. प्रश्न आले तसेच ठेवलेत. शुद्धलेखन सुधारलंय आणि शेवटचं ‘का बे’ तेवढं काढलंय.

यायचं असेल तर काय करावं लागतं? फी, फॉर्म, सभासदत्व?

यातलं काहीच नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत ‘येतोय’ एवढं कळवायचं, म्हणजे हातमोजे आणि पोहे त्या हिशेबानं होतात. एरवी वेळ सकाळी साडेसहा ते साडेनऊ. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत सहा ते साडेआठ, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि नऊनंतर खोऱ्याचा दांडासुद्धा हाताला चटका देतो. एकदा येऊन पुन्हा नाही आलात तरी कुणी फोन करून विचारणार नाही.

पत्ता इथं का दिलेला नाही?

एकदा नकाशावर खूण टाकली होती. पंधरा दिवसांत लग्नाआधीचे फोटो काढणारे दोन गाड्या भरून आले. रंगीत धुराची नळकांडी वाळूत तशीच टाकून गेले. त्यांच्या मागून वाढदिवसवाले आले: केक, फेसाचे डबे, थर्माकोलच्या प्लेटा. राज्यात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर मार्च २०१८ पासून बंदी आहे, हे त्या प्लेटांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. खूण काढून टाकली. आता ठिकाण शनिवारी रात्री फक्त येणाऱ्यांना पाठवतो.

काय घालून यायचं आणि सोबत काय आणायचं?

पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, पायात बूट, डोक्याला टोपी किंवा उपरणं, प्यायला दोन लिटर पाणी. चपला घालून आलात तर आम्ही पोहे देऊ, काम देणार नाही. वेड्या बाभळीचा काटा स्लीपरमधून सरळ टाचेत जातो. पावसानंतर काळ्या मातीत एकेक बूट दोन-दोन किलोंचा होतो, त्यामुळे नवे बूट घरीच ठेवा.

कुदळी, खोरी, घमेली, खुरपी, पहार आमच्याकडे आहेत. घरून आणता आली तर एक जुनी सोलापुरी चादर आणा. विटलेली, भोक पडलेली, ट्रंकेच्या तळाशी गेलेली अशी एखादी प्रत्येक घरात असते. चौघांनी चार कोपरे धरले की पोतंभर पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, एका खेपेत जातं, आणि ही चादर प्लास्टिकच्या पोत्यासारखी उन्हानं झिरमिळ्या होऊन नदीत जात नाही.

नेमकं काम काय असतं? झाडं लावायची ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर ऐकून निम्मे लोक गळतात. झाडं लावायचं काम वर्षातून तीनेक रविवारांचं. एप्रिल-मेमध्ये दोन बाय दोन फुटांचे खड्डे काढून ऊन खायला सोडायचे. दुसरा-तिसरा चांगला पाऊस झाला की रोप लावायचं. संपलं. उरलेले सगळे रविवार ते रोप जगवण्याचे.

आमचा सगळ्यात मोठा शत्रू शेळ्या नाहीत, कचराही नाही. काळ्या मातीच्या भेगा आहेत. ही माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. फेब्रुवारी-मार्चपासून जमीन अशी फाटते की हात मनगटापर्यंत आत जातो. भेग रोपाच्या बुडातून गेली की बारीक मुळं तुटतात आणि गरम हवा थेट मुळाशी पोचते. वरून रोप आठवडाभर हिरवं दिसतं, मग एका रविवारी बघावं तर काडी झालेली. म्हणून खुरप्यानं आळ्यातली माती मोकळी करायची, भेगेत भुसभुशीत माती भरायची आणि वर उसाचं पाचट वीतभर जाड अंथरायचं. पाचट आपल्या जिल्ह्यात मागावं तिथं मिळतं. शेतकरी ते पेटवून देण्याआधी गाठायचं, एवढंच.

पाणी आम्ही माठानं देतो. रोपाच्या बाजूला जुना माठ गळ्यापर्यंत पुरायचा, भरायचा, तोंडावर फरशीचा तुकडा ठेवायचा. भाजलेल्या मातीतून पाणी झिरपत राहतं आणि मुळं माठाकडे वळतात. एका भरण्यात पाच-सहा दिवस निघतात. माठ देणार असाल तर ऑइलपेंट लावून वेलबुट्टी काढलेला देऊ नका, तो झिरपत नाही. गेल्या वर्षी असे नऊ आले. दिसायला फार देखणे होते.

घरी कुंडीत उगवलेली रोपं आणली तर चालतील का? गुलमोहर आहे, निलगिरी आहे.

या दोन्हींना नको. काठावर आम्ही काठाचीच झाडं लावतो. पाण्याजवळ वाळुंज, करंज, अर्जुन आणि जांभूळ, वरच्या अंगाला उंबर, कडुनिंब आणि आपली गावठी बाभूळ. धारेला लव्हाळा आणि वाळा, कारण माती खरी धरतात ते हे. कुंडीतला वड-पिंपळ भिंतीतून उपटून आणलेला असेल तर जरूर आणा. मूळ ओल्या फडक्यात गुंडाळा.

तुम्ही बाभळी तोडता असं ऐकलं. झाडं वाचवणारेच झाडं तोडतात?

तोडतो ती विलायती, म्हणजे वेडी बाभूळ. मूळची अमेरिका खंडातली. हिच्या दाटीखाली दुसरं काही उगवू शकत नाही. नुसती कापली तर दुप्पट फुटवे येतात, त्यामुळे पहारीनं बुंधा जमिनीखालून खणून काढावा लागतो. एका मोठ्या बुंध्याला चार माणसांची सकाळ जाते.

पण मनात आलं आणि कुऱ्हाड चालवली असं करता येत नाही. महापालिका हद्दीत झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, ग्रामीण भागात झाडतोडीवर १९६४ चा. शिवाय जमीन आपली नाही. आम्ही ग्रामपंचायतीकडून आणि संबंधित कार्यालयांकडून आधी लेखी घेतो, मगच हात लावतो. मार्च ते ऑगस्ट काढणी बंद, कारण पक्ष्यांना बाभूळ देशी की विलायती याच्याशी देणंघेणं नसतं, ते घरटं करतात. काढलेल्या काटेरी फांद्या रोपांभोवती रचतो. शेळ्यांवर याहून स्वस्त उपाय आम्हाला सापडलेला नाही.

गाजर गवताची मला अ‍ॅलर्जी आहे. तरी येऊ का?

या, पण जुलै ते ऑक्टोबर आम्ही ते उपटत असतो, तेव्हा त्या टोळीपासून लांब राहा. दमा असेल तर ते महिने वगळाच. इतरांनीही हातमोज्याशिवाय हात लावू नये. आज काही होत नाही आणि तिसऱ्या वर्षी कोपरापासून बोटांपर्यंत खाज सुटते. उपटायचं ते फुलावर येण्याआधी. फुललेलं उपटून नेणं म्हणजे बी पेरत जाणं.

मला चांगलं पोहता येतं. जलपर्णी काढायला पाण्यात उतरू का?

नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही नाही, आणि यावर वाद घालत नाही. कारणं तीन. वाळू उपसलेल्या जागी तळाला खड्डे आहेत. गुडघाभर पाण्यात पुढचं पाऊल दोन पुरुष खोल जाऊ शकतं. दुसरं, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असोत की काढलेले, त्याच्या तोंडाशी पाण्याची ओढ वरून दिसत नाही. आणि तिसरं, आपली सीना फक्त पावसावर वाहत नाही. उजनीतलं पाणी बोगद्यातून सीनेत सोडलं जातं. त्यामुळे डोक्यावर ढगाचा ठिपका नसतानाही पाणी चढतं. आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, कधी आहे हे काठच्या मोटारवाल्या शेतकऱ्याला आपल्याआधी माहीत असतं, त्याला विचारत जा.

जलपर्णी काठावरून लांब दांड्याच्या आकड्यानं ओढतो आणि पाण्यापासून लांब वाळत घालतो. तिला पोषक पाणी मिळालं की दोन आठवड्यांत दुप्पट होते. सांडपाणी येतंय तोवर ती येणारच, आपण फक्त तिला काठाशी थोपवतो.

साप असतात का?

नदीकाठ आहे, असतातच. पाण्याजवळ दिसतो तो बहुतेक दिवड असतो, बिनविषारी. पण घोणस, नाग, मण्यारही या मुलुखातले आहेत. नियम सोपा: पाचटात किंवा दगडाखाली आधी काठी, मग हात. दिसला तर सगळ्यांनी थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं. पकडून फोटो काढणाऱ्याला पुढच्या रविवारी बोलावत नाही. तो वन्यजीव कायद्यानं गुन्हाही आहे.

चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. अंगठी-घड्याळ काढून अवयव हलू न देता १०८ ला फोन आणि सरळ सिव्हिल. एक गाडी कायम रस्त्याकडे तोंड करून लावलेली असते, ती यासाठी. तिच्यामागे कृपया तुमची गाडी लावू नका.

पावसाळ्यात काम बंद असतं का?

पाऊस असतो म्हणून बंद नसतं, पाणी चढलं की बंद. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा महामार्गावरची वाहतूक थांबली होती, आमच्या पट्ट्याचं काय घेऊन बसलात. पाणी उतरल्यावर गेलो तर खालच्या ओळीतली रोपं माठांसकट गेलेली. करंजाच्या शेंड्याला कुणाच्या तरी गोठ्यातलं दावं लटकत होतं. लव्हाळा मात्र गाळ झटकून उभा होता. त्याचं काय होतं ते आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेलं आहे, तरी डोळ्यांनी बघितल्यावर हसू आलं.

पुरानंतर तीन आठवडे श्रमदान नाही. गाळात काचा असतात, मेलेली जनावरं असतात, आणि पायाला जखम असताना त्या चिखलात उतरलं की लेप्टोची भीती. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं हे बाराही महिने लागू.

माझं वय ७१ आहे, खोरं उचलणार नाही. माझ्यासारख्याला काही काम?

आमच्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम तुमच्यासारख्यांकडेच आहे: बघणं आणि लिहून ठेवणं. एक आजोबा आहेत, निवृत्त गिरणी कामगार. बंधाऱ्याजवळच्या एकाच दगडावर बसतात आणि वहीत लिहितात: पाणी कितव्या पायरीला, रंग काय, फेस आहे का, खंड्या किती, वंचक किती. हिवाळ्यात चक्रवाक आले की तारखेखाली दोन रेघा मारतात. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, तिच्यासाठी आमच्याकडचे आकडे त्या वहीतूनच जातात.

उन्हाळ्यात त्यांच्याकडे आणखी एक काम असतं, टिटवीचं. टिटवी घरटं बांधत नाही. खड्यांत नुसता खळगा करून चार अंडी घालते. मातकट, वर काळे डाग, दोन हातांवरूनही दगड आणि अंडं यात फरक कळत नाही. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली की आजोबा शिट्टी वाजवतात आणि सगळे आल्या पावली मागे. खूण अंड्यांपाशी करत नाही, कुत्र्यांना कळतं. दहा पावलांवर दगडावर दगड ठेवतो.

मुलांना आणता येईल का?

दहा वर्षांवरच्यांना आणा, सोबत घरचं मोठं माणूस हवं. शेजाऱ्याच्या भरवशावर पाठवलेलं चालत नाही. पाण्याबद्दल वर लिहिलंय ते मुलांना घरून निघतानाच सांगा.

बायकांसाठी काही सोय आहे का? एकटीनं यायला ठीक आहे?

स्वच्छतागृह काठावर नाही. वस्तीवरच्या एका काकूंच्या घरी सोय केली आहे, चालत सात-आठ मिनिटं. येणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास बायका असतात. शहरातून एकत्र निघणाऱ्या गाड्या असतात, त्यातल्या एकीत जागा मागा. अंधार असताना कुणीच एकट्यानं येऊ नये, बाप्यांनीही नाही.

मराठी नीट येत नाही, घरी तेलुगू बोलतो. चालेल?

अहो, सोलापूर आहे हे. एका खड्ड्यावर तेलुगू, दुसऱ्यावर कन्नड, तिसऱ्यावर दखनी चालू असते, आणि भांडण मराठीत. चालेल.

एनएसएसचे तास मिळतात का? प्रमाणपत्र देता का?

एनएसएसचा हिशेब दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं शिबिर असा असतो. प्रमाणपत्र विद्यापीठ-कॉलेज देतं, आम्ही नाही. आम्ही तुमच्या वहीत प्रत्यक्ष केलेल्या तासांवर सही करतो. आधी तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारून या. तीन तास झाले तर तीनच लिहितो. मार्चमध्ये ‘सर, चाळीस तास लिहा ना’ म्हणत येणाऱ्यांचा चहा होतो, सही होत नाही.

आमच्या ऑफिसचे पन्नास जण एका दिवसासाठी येणार आहेत. झाडं लावायची आहेत, बॅनर लावायचाय.

पन्नास नको, पंधरा या. पन्नास माणसांच्या पायांनी ओली माती इतकी दाबली जाते की रोपापेक्षा नुकसान जास्त. बॅनर नाही. आणि झाडांबाबत एक अट: लावणाऱ्यांनी एप्रिल-मेमधला किमान एक रविवार पाणी घालायला यायचं, नावं आधी लिहून द्यायची. अट ऐकून काही जण परत फोन करत नाहीत. एका बँकेतले सहा जण मात्र दोन उन्हाळे येतायत. त्यांची अकरापैकी आठ झाडं उभी आहेत.

वाढदिवसाला, आईच्या स्मरणार्थ वगैरे झाड लावायचं असेल तरी हेच. नावाची पाटी लावत नाही. आजोबांच्या वहीत नोंद होते.

पैसे दिले तर घेता का?

रोख नाही. आमची नोंदणीकृत संस्था नाही, त्यामुळे करसवलतीची पावतीही देता येत नाही. माठ, खुरपी, हातमोजे, पाण्याचा टँकर असं वस्तूंत द्या.

काठावर निर्माल्य, देवांचे फोटो, दहाव्याचे कपडे पडलेले असतात. ते उचलायचे का? पाप नाही का लागत?

नव्या माणसाला उचलायला सांगत नाही, आणि उचलायचं नसेल तर कुणी आग्रह करणार नाही. विधी चालू असेल तर त्या बाजूला खोरंसुद्धा न्यायचं नाही. घरातलं माणूस गेलेल्यांना कचऱ्यावर व्याख्यान देण्याची ती वेळ नव्हे.

ते लोक गेल्यावर फुलं-पानं खताच्या खड्ड्यात जातात, दोरा आणि प्लास्टिक वेगळं काढून. कपड्यांचं असं आहे की काही समाजांत ते तिथंच सोडायची रीत असते. आम्ही ते तीन दिवस तसेच ठेवतो. कुणी गरजू नेतो, राहिले तर काढतो. तसबिरींची काच, चौकट आणि चित्र वेगळं करतो. काच भंगारात जाते, लाकूड वस्तीवर चुलीला. चित्र आमच्यातल्या एक ताई हात जोडून मातीत पुरतात. एका अमावास्येनंतर तेवीस तसबिरी निघाल्या होत्या, त्यांतल्या सहा लग्नात आहेर म्हणून आलेल्या, मागे नाव तसंच. नावं वाचून दाखवायची नाहीत असा नियम त्या दिवसापासून केला.

वाळू उपसताना कुणी दिसलं तर काय करायचं?

तुम्ही काहीच नाही. जवळ जायचं नाही, मोबाईल काढायचा नाही, गाडीचा नंबर मोठ्यानं वाचायचा नाही. त्या दिवशीच्या प्रमुखाला हळूच सांगायचं. पुढं तलाठी, तहसील किंवा ११२ हे तो शहरात परतल्यावर बघतो. शूरपणा करून दाखवायची ही जागा नाही.

इतकी वर्षं झाली, साधी चार बाकडी, एखादा चबुतरा का बांधत नाही?

हा पट्टा निळ्या पूररेषेच्या आत आहे. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर जातं ती निळी रेषा, शंभर वर्षांच्या पुराची ती लाल. निळीच्या आत पक्कं बांधकाम करायचं नसतं. नियम नसता तरी केलं नसतं. पुरात जे झालं ते वर लिहिलंय, सिमेंटचं बाकडं म्हणजे पाण्याला अडणारा आणखी एक दगड. बसायला सतरंजी आहे.

नुसतं काम करता की कधी फिरायलाही जाता?

थंडीत एकदा कुडलला जातो, दक्षिण सोलापुरात, जिथं आपली सीना भीमेला मिळते. संगमावरच्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. वाचणाऱ्याचा विजय होवो, अशा अर्थाची त्यात ओळ आहे. मान वर करून ती लावायला प्रत्येकाला पाचेक मिनिटं लागतात आणि तोवर मागची रांग कुरकुरते. डबा ज्याचा त्यानं आणायचा, शेंगाचटणी सार्वजनिक.

मी नोकरीला पुण्यात असतो. महिन्यातून एकदा घरी येतो. माझा काही उपयोग?

सोलापूरची निम्मी तरुण मंडळी तिकडंच आहेत, त्यामुळे हा प्रश्न आता दर आठवड्याला येतो. दोन कामं आहेत. आजोबांच्या वहीची पानं फोटो काढून पाठवतो, ती संगणकात भरायची. अक्षर मोडीच्या वळणाचं आहे, पहिल्या पानाला तास लागेल. आणि महिन्यातून एकच रविवार मिळत असेल तर तो जुलैतला धरू नका, तेव्हा इथं उभं राहायला जागा नसते. मेमधला धरा. येताना पाच लिटरचे दोन रिकामे कॅन आणा, झाकणासकट.